मेहनत, खुराक आणि झोप यांचं माप

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात व्यायामाची हौस कमी नाही. तालमीत लाल मातीचा हौदा आहे, पहाटे रस्त्याच्या कडेनं सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात, शहरात तर गल्लीगणिक जिम निघाली आहे. तरी सहा-सहा महिने घाम गाळूनही पुल-अप्स चारच्या पुढं सरकत नाहीत, १६०० मीटरची वेळ सव्वासहा मिनिटांवर अडून बसते आणि नडगी ठणकायला लागते. अशा वेळी बहुतेक जण मेहनत आणखी वाढवतात, आणि तिथंच चुकतं. मेहनत पुरेशी असते. ताटात डाळ-उसळ कमी असते आणि झोप पाच तासांची असते.

व्यायामानं स्नायूंवर ताण येतो, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून काढताना शरीर आधीपेक्षा थोडं मजबूत बांधकाम करतं. हे काम जोर-बैठका मारताना होत नाही, नंतरच्या दीड-दोन दिवसांत होतं. त्याला माल अन्नातून लागतो आणि सवड झोपेतून. म्हणून इथं सुरुवात झोपेपासून केली आहे. तालमीतले जुने वस्तादही मेहनतीइतकंच झोपेला जपायला लावतात.

झोप आणि सुट्टीचा दिवस

रोज सात ते नऊ तास झोप हवी, कसून सराव करणाऱ्यानं आठ तासांखाली जाऊ नये. पहाटे पाचला मैदानावर जायचं तर रात्री साडेआठ-नऊला अंथरुणावर पडावं लागतं. ते जमत नसेल तर सराव संध्याकाळी करा, पण झोप तोडून पहाटे उठू नका. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो, त्यामुळं झोप लागत नाही अशी तक्रार असेल तर दुपारी चारनंतरचा चहा आधी बंद करून पाहा.

उद्यमबाग, मच्छे भागात फौंड्रीत तिसरी पाळी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. सकाळी पाळी सुटल्यावर थेट जिममध्ये जाऊन जड वजनं उचलणं हा दुखापतीचा रस्ता आहे; तोल आणि पकड दोन्ही सुस्तावलेली असतात. घरी येऊन हलकं खा, खोली अंधारी करून सहा तास सलग झोपा, दुपारी चारच्या सुमारास सराव करा आणि पाळीवर जाण्याआधी तास-दीड तास पुन्हा पडा. पाळी बदलते त्या आठवड्यात पहिले दोन दिवस फक्त चालणं आणि अंग मोकळं करणं एवढंच ठेवा. मागावर दिवसभर उभं राहणाऱ्या विणकरांनी पायांचा व्यायाम सुट्टीच्या दिवशी किंवा काम सुरू होण्याआधी करावा. संध्याकाळी पाय आधीच भरून आलेले असतात.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण रिकामा सोडा. एकाच स्नायूला जड मेहनतीनंतर ४८ तास मिळाले पाहिजेत. शिवाय दर पाचव्या आठवड्याला सगळे सेट निम्मे करा, वजन मात्र तेच ठेवा. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, पण साचलेला थकवा तिथंच उतरतो आणि सहाव्या आठवड्यात आकडे वर जातात.

थकवा मोजायची एक बिनखर्चाची रीत आहे. सकाळी जाग आल्यावर, उठून बसायच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. आठवडाभराची सरासरी काढा. पुढं कधी सलग दोन दिवस नाडी सरासरीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त आली, भूक मंदावली, चिडचिड व्हायला लागली, तर त्या दिवशी जड सराव रद्द करून अर्धा तास चाला. अंगात कणकण असेल तर तेही नको.

ताकदीची मेहनत: आठवड्यातून तीनदा

नवख्या माणसाला सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस पुरे आहेत, प्रत्येक वेळी पन्नास मिनिटं. आधी आठ-दहा मिनिटं हळू धावून, हात-कंबर फिरवून अंग गरम करा. मग हे पाच प्रकार.

बैठका: ३ सेट, प्रत्येकी १२ ते १५. तालमीतली पारंपरिक बैठक चवड्यांवर असते, टाचा उचलल्या जातात आणि गुडघे बरेच पुढं येतात. ज्याला सवय नाही त्यानं पहिले दोन महिने टाचा जमिनीला टेकवून, कंबर मागं नेऊन, पाटावर बसल्यासारखं बसावं. गुडघे आत वळले की त्यांच्यावर वाकडा ताण येतो. ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत. २० बैठका सहज निघायला लागल्या की आकडा वाढवू नका, छातीशी १० किलोची वाळूची पिशवी धरा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा.

जोर: ३ सेट, ८ ते १२. कंबर वर, मग छाती जमिनीलगत नेत पुढं काढायची आणि मान उचलायची. कंबर मध्येच ढिली पडली की पाठीच्या मणक्यावर भार येतो. कंबर सावरत नसेल तर आधी साधे पुश-अप्स, तेही जड वाटले तर हात कट्ट्यावर ठेवून.

वजन उचलणं: २० किलो वाळू दुहेरी पोत्यात भरा, तोंड घट्ट बांधा. पाठ सरळ, वजन पायाजवळ, जोर टाचांतून. ३ सेट, ८ ते १०. ऊस किंवा भाताचं पोतं उचलणाऱ्यांना हे सोपं वाटतं, पण त्यातल्या बऱ्याच जणांची पाठ गोल होत असते. एकदा कुणाला तरी बाजूनं मोबाइलवर चित्रित करायला सांगा.

पुल-अप्स: ज्याला एकही जमत नाही त्यानं स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवावी आणि पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यावं. असे ४ सेट, प्रत्येकी ४. तीन-चार आठवड्यांत पहिली पुल-अप निघायची शक्यता चांगली असते. पाच निघायला लागल्या की शिडी करा: १, थांबा, २, थांबा, ३, आणि पुन्हा १ पासून. प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली या, भरतीत अर्धवट पुल-अप मोजत नाहीत. झोका घेऊन मारलेल्याही नाहीत.

शेवटी कोपरांवर फळीसारखं सरळ राहणं, म्हणजे प्लँक, ३० ते ४५ सेकंद, तीनदा. कंबर थरथरायला लागली की थांबा.

सेटमधली विश्रांती दोन ते तीन मिनिटं घ्या, घड्याळ लावून. तीस सेकंदांत पुढचा सेट मारला की धाप लागते, घाम जास्त येतो आणि काहीतरी झाल्यासारखं वाटतं, पण पुढच्या सेटची संख्या घसरते आणि ताकदीचं काम कमी होतं. प्रत्येक सेट संपताना अजून दोन निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. रोज अगदी पडेपर्यंत ताणलं तर पुढचा सराव त्याची किंमत मोजतो.

एका गोष्टीबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. महिनोन्‌महिने व्यायाम बंद असलेल्या माणसानं पैजेवर पाचशे-हजार बैठका मारायची हौस आपल्याकडं आहे. त्यानं ताकद वाढत नाही, पण स्नायू इतके फुटू शकतात की त्यांतला माल रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतो. मांड्या दगडासारख्या सुजल्या, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाढतच गेलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. घरी वेदनाशामक गोळ्या घेत बसू नका, काही गोळ्या मूत्रपिंडावरचा भार आणखी वाढवतात. हजार बैठका मारणारा पैलवान तिथवर काही वर्षांत, पायरी पायरीनं पोचलेला असतो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा साखर असणाऱ्यांनी, चढ चढताना छातीत दाब जाणवणाऱ्यांनी यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

धावणं

सैन्य भरतीत १६०० मीटरला साडेपाच मिनिटांच्या आत येणारा पहिल्या गटात बसतो, आणि १० पुल-अप्सना पूर्ण गुण मिळतात. निकष बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच लक्ष्य ठरवा. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण ८२ सेकंदांत. हा आकडा डोक्यात पक्का बसला पाहिजे, कारण पहिली फेरी ७० सेकंदांत मारून तिसऱ्या फेरीला मोडणारे फार असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज १६०० मीटर जीव तोडून धावणं आणि रोज वेळ लावणं. आठवड्यात धावायचे दिवस तीन ठेवा. मंगळवारी ४०० मीटरच्या चार-पाच फेऱ्या ८२ ते ८५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत विश्रांती. गुरुवारी ४ किलोमीटर अगदी सावकाश. शनिवारी ५ ते ६ किलोमीटर, पुन्हा सावकाश. सावकाश म्हणजे शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे; दोन शब्दांवर दम लागत असेल तर वेग कमी करा. हे सावकाश धावणं पोरांना कमीपणाचं वाटतं, पण दमसास त्यातूनच तयार होतो. दोन महिन्यांनंतर गुरुवारच्या जागी चढ घ्या. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ त्यासाठी चांगला आहे: ४५ सेकंद वर जोरात, खाली चालत, सहा वेळा. उतारावर धावत येऊ नका, मांड्या आणि गुडघे त्यातच दुखावतात.

आठवड्याचं एकूण अंतर एकदम वाढवू नका, दहाव्या हिश्शाच्या आसपास वाढ ठीक. डांबरी रस्त्यापेक्षा हायस्कूलचं मातीचं मैदान बरं. नडगीच्या आतल्या बाजूनं लांब पट्ट्यात दुखत असेल तर अंतर निम्मं करून बूट तपासा. एका बोटाएवढ्या जागीच दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं थांबवून दाखवून घ्या.

नवरात्रात बेळगावची दुर्गामाता दौड हा हजारो जणांच्या श्रद्धेचा विषय आहे. पण वर्षभर न धावलेले पाय सलग नऊ पहाटे, तेही बऱ्याचदा अनवाणी आणि उपाशीपोटी, डांबरावर धावले की तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात. गणपती विसर्जनानंतर लगेच आठवड्यातून तीनदा दोन किलोमीटर सुरू करा, अनवाणी धावायचं असेल तर त्यातली पाच मिनिटं मातीवर अनवाणी. दौडीच्या नऊ दिवसांत पायांची वेगळी मेहनत नको.

शेताचं काम मोजायला विसरू नका

खानापूर तालुक्यात रोपलावणीच्या दिवसांत माणूस सात-आठ तास चिखलात वाकून असतो. सुगीत कापणी, मळणी, पोती उचलणं. ऊसतोडीत तर अंग पिळून निघतं. हे काम म्हणजे मेहनतच आहे, आणि त्यावर संध्याकाळी नेहमीचा पूर्ण सराव लादला तर कंबर जाते. अशा महिन्यात पोतं उचलण्याचा प्रकार बंद, धावणं आठवड्यातून एकदा, आणि दोन वेळा वीस-वीस मिनिटांचा ताकदीचा सराव: पुल-अप्स, जोर, प्रत्येकी दोन सेट. प्रत्येक सेटमधली मेहनत तीच ठेवून सेट एक-तृतीयांशावर आणले तरी कमावलेली ताकद महिना-दीड महिना टिकते. उलट दिशेनं रोज दहा मिनिटं पाठ मोकळी करा: दाराच्या चौकटीला धरून छाती पुढं काढणं, पालथं पडून कोपरांवर वर उठणं.

खुराक

पैलवानाचं तूप, बदाम, थंडाई, मटण हे चार-पाच तास मेहनत करणाऱ्याचं इंधन आहे. तासभर जिम करून तेच खाल्लं की दंडाआधी पोट वाढतं. एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे १३५ कॅलरी, त्यात प्रथिनं शून्य. दहा बदामांत प्रथिनं अडीच ग्रॅमच्या आसपास. मूठभर शेंगदाणे त्याच्या कितीतरी पट देतात आणि स्वस्तात.

स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागं दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या घरच्या जेवणातून निघतो. सकाळी सरावानंतर दोन अंडी आणि पाव लिटर दूध: २० ग्रॅम. अंडी नको असतील तर रात्री भिजवलेले ५० ग्रॅम हरभरे, तेही दहा ग्रॅम देतात. दुपारी १२० ग्रॅम पिठाच्या दोन जोंधळ्याच्या भाकरी १२, हुलग्यांची किंवा अख्ख्या मसुराची उसळ, कोरडं कडधान्य ६० ग्रॅम धरून, १३, आणि वाटीभर दही ५: झाले ३०. संध्याकाळी ४० ग्रॅम शेंगदाणे, गूळ आणि एक केळं: १०-११. रात्री ८० ग्रॅम तांदळाचा भात ६, ४० ग्रॅम डाळीची घट्ट आमटी ९, आणि १०० ग्रॅम चिकन २२. मांसाहार नसेल त्या रात्री ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २० ग्रॅम येतात. चिकन धरून बेरीज ९७-९८ होते.

गडबड आमटीत होते. पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम १५-२० ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिनं चार ग्रॅम. ताटभर भात आणि वर ही आमटी असं दोन्ही वेळा जेवलं की पोट गच्च भरतं, पण स्नायूला मिळत काही नाही. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला घट्ट आमटी वाढायला सांगा आणि उसळ रोज एकदा ठेवा. शेंगांची किंवा कारळ्याची चटणी भाकरीवर दोन चमचे घेतली तर तीही हिशेबात धरा.

श्रावणात घरातलं मटण-अंडी बंद होतं, तेव्हा पुष्कळांची प्रथिनं निम्म्यावर येतात आणि त्याचं खापर पावसाळी सुस्तीवर फुटतं. त्या महिन्यात दूध-दही दुप्पट, उसळ दोन्ही वेळा. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं जवळपास नाहीतच, जे काही मिळतं ते शेंगदाण्यांचं. त्यासोबत दही, दूध, राजगिरा घ्या. निरंकार उपास असेल त्या दिवशी सराव नकोच.

पहाटे सरावाआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरतात. भरपेट खाल्लं असेल तर तीन तास जाऊ द्या. धावून आल्यावर नाचणीची अंबील फार चांगली: पाणी, मीठ, ताक आणि थोडं धान्य एकत्र. उन्हाळ्यात सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो घटलं असेल तर सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्यायचं. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-गुळाची मिठाई, लांब धावण्याच्या दिवशी एखादा तुकडा ठीक आहे, रोजची वडी म्हणून नको.

धाप फार लवकर लागते, चेहरा फिकट पडलाय, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही, तो तासभर पुढं ढकला आणि उसळीवर लिंबू पिळा. रक्त कमी असताना मेहनत वाढवून वेळ सुधारत नाही.

डब्यातली प्रोटीन पावडर हे वाळवलेलं अन्न आहे, औषध नाही. एका मापात साधारण २४ ग्रॅम, म्हणजे चार अंडी. जेवणातून भागत असेल तर पैसे वाचवा. क्रिएटिन, म्हणजे ताकदीच्या मेहनतीसाठी घेतात ती पूड, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम निरोगी माणसाला चालतं आणि उपयोगीही पडतं, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं मात्र दूर राहावं. बिनलेबलची पाकिटं आणि लवकर अंग भरण्याची इंजेक्शनं कुणी कितीही जवळच्या माणसानं दिली तरी घेऊ नका. हृदय, यकृत आणि वीर्य तिन्हींवर घाव बसतो, आणि तो वयाच्या पंचविशीतही बसतो. तंबाखूनं नाडी वाढते, दमसास तुटतो. धावायच्या आधी ती गोळी गालात धरणं सोडाच.

वहीतले आकडे कसे वाचायचे

शंभर पानी वही घ्या. रोज सेट, वजन, अंतर, झोपेचे तास. दर चौथ्या रविवारी, शनिवारचं धावणं गाळून, सकाळी रिकाम्या पोटी वजन आणि बेंबीजवळ कमरेचा घेर मोजा. मग थोडं खाऊन, तासाभरानं पुल-अप्स आणि १६०० मीटरची वेळ लिहा.

वजन घटतंय आणि पुल-अप्स अडल्या आहेत, तर खाणं कमी पडतंय. दिवसाला एक भाकरी, एक वाटी उसळ आणि एक पेला दूध वाढवा. वजन आणि घेर दोन्ही वाढतायत, पुल-अप्स मात्र तिथंच, तर तूप, भात आणि गोड कमी करा, प्रथिनं तशीच ठेवा. वजन स्थिर, घेर कमी, पुल-अप्स वाढल्या, म्हणजे सगळं रुळावर आहे. काहीही बदलू नका. धावण्याची वेळ सलग दोन महिने सुधारली नाही आणि झोपेच्या रकान्यात साडेपाच, सहा, साडेपाच असे आकडे दिसत असतील, तर पुढच्या महिन्यात एक धावणं काढून टाका आणि रात्री साडेनऊला दिवा मालवा.